मारहाण ही ‘घरची बाब’ नव्हे

रायपूरचा तेलीबांधा भाग संध्याकाळी फुलून जातो. तलावाकाठी एवढी गर्दी लोटते की लोकांनी त्याला ‘मरीन ड्राइव्ह’ हे नावच देऊन टाकले आहे. मुले खेळतात, लेकी-सुना फेऱ्या मारतात. त्यांतल्या कोणाच्या पदराखाली वळ झाकलेला आहे, हे मात्र कोणाला दिसत नाही. हे काही एकट्या तेलीबांध्याचे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसणाऱ्यांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या मात्र अवघ्या १४ टक्के होत्या.

बाकीच्या गप्प का राहतात? माहेरी सांगावे तर ‘थोडे सोसायला शीक’ हे ऐकावे लागते. शेजारी म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा? आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे तर लहानपणापासून ऐकलेले असते.

एका छताखाली

मार खाल्लेल्या स्त्रीला किती दारे ठोठवावी लागतात, ते पाहा. आधी पोलीस ठाणे, मग दवाखाना, मग वकील, मग न्यायालय. प्रत्येक ठिकाणी तीच कहाणी नव्याने सांगायची आणि रात्री झोपायला पुन्हा त्याच घरात जायचे! दुसऱ्या-तिसऱ्या दारापर्यंत पोहोचता पोहोचता तिचा धीर सुटला, तर नवल नाही.

ही वणवण थांबवण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न रायपुरातच सुरू झाला. १६ जुलै २०१५ रोजी देशातील पहिले ‘सखी’ केंद्र येथे उघडले. उपचार, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा या सर्व सोयी तिथे एकाच ठिकाणी मिळतात. आज देशात अशी आठशेहून अधिक केंद्रे आहेत. महिलांसाठी असलेल्या १८१ या क्रमांकावर फोन केला तरी त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

महाराष्ट्राने ही वाट आधीच धरली होती. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविका बसू लागली. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले. ‘जिन्यावरून पडले’ असे सांगणाऱ्या स्त्रीची जखम खरोखर कशाने झाली, हे तिला आपुलकीने विचारणारे कोणीतरी तिथे भेटू लागले.

कायदा काय देतो?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नवऱ्याला तुरुंगात धाडणे हा त्याचा पहिला हेतू नाही. मारहाण थांबावी, स्त्रीला राहत्या घरातून कोणी काढू नये, खर्चाला पैसे मिळावेत, मुले तिच्याजवळ राहावीत, असे आदेश न्यायालय या कायद्याखाली देऊ शकते. अर्जाची पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि निकाल साठ दिवसांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. कोर्ट आणि स्त्री यांच्यामधला दुवा म्हणजे संरक्षण अधिकारी. पण अनेक ठिकाणी हे काम दुसऱ्याच कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अधिकाऱ्याकडे दिलेले असते. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमा. न्यायाला उशीर झाला तर त्याची किंमत ती स्त्री रोज रात्री मोजते.

समझोत्याचेही तेच. ‘झाले गेले विसरा’ म्हणून तिला परत पाठवणे म्हणजे समझोता नव्हे. कायद्याच्या नियमांनुसार समुपदेशनात मारहाणीचे समर्थन नवऱ्याला करता येत नाही. ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे कारण तिथे चालत नाही. मारहाण पुन्हा होणार नाही याची हमी आधी मिळायला हवी.

नागपूर-अमरावतीच्या कितीतरी मुली रायपूरकडे नांदायला येतात. त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सासर सोडून माहेरी आल्यावर माहेरच्या गावातील न्यायालयातही या कायद्याखाली अर्ज करता येतो. सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकीलही मोफत मिळतो, मग तिचे उत्पन्न कितीही असो.

शेजारधर्म

पण अर्ज नंतरचा. भिंतीपलीकडची किंकाळी सर्वांत आधी ऐकू येते ती शेजाऱ्याला. छत्तीसगडच्याच बालोद जिल्ह्यात गुंडरदेहीच्या शमशाद बेगम यांनी गावोगावच्या बायकांना एकत्र करून ‘महिला कमांडो’ गट उभे केले. हातात काठी आणि तोंडात शिट्टी घेऊन या बायका संध्याकाळी गावातून फेरी मारतात आणि दारू पिऊन घरात धिंगाणा घालणाऱ्याला समज देतात. शमशाद बेगम यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. या बायकांजवळ ना वर्दी होती, ना कायद्याची पदवी. पण आपल्याला कोणीतरी पाहते आहे, ही जाणीव हात उगारणाऱ्याला झाली.

प्रत्येकाने काठी घेऊन निघावे असे नाही. पण हिंसेची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. तेव्हा दार वाजवायला, एक वाटी साखर मागायला, ‘काय झाले?’ एवढे विचारायला काय हरकत आहे? आईवडिलांनीही मुलीला निरोप देताना एवढे जरूर सांगावे, की त्रास झाला तर या घराचे दार तुला उघडे आहे. पहिले दार उघडले, तरच ती पुढच्या दारापर्यंत पोहोचेल.