ट्रकचं इंजिन बांधताना टायमिंग चेन कोणती घ्यायची आणि कशी बसवायची?

आपल्याकडे मोटारसायकल जुनी झाली की गॅरेजवाला कान लावून सांगतो, "टायमिंग चेन वाजतेय." बऱ्याच जणांचा या चेनशी संबंध तेवढाच येतो. मी सध्या अमेरिकेत, ओहायोमध्ये राहतो. नोकरी सॉफ्टवेअरची, डिग्री मेकॅनिकलची, त्यामुळे शनिवार-रविवार शेजारच्या काकांच्या गॅरेजमध्ये जातात. त्यांच्याकडे जुना शेव्हरले पिकअप आहे. इकडे 'ट्रक' म्हणजे बहुधा पिकअपच. त्याचं ३५० घन इंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आम्ही या हिवाळ्यात पूर्ण खोलून पुन्हा बांधलं. १९५५ साली सुरू झालेल्या 'स्मॉल ब्लॉक' घराण्यातलं हे इंजिन आहे. यावर लिहिलेलं भरपूर सापडतं, पण टायमिंग चेनचा विषय बहुतेक जण दोन ओळींत उरकतात.

आधी काम समजून घेऊ. क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की कॅमशाफ्ट एक फेरा फिरतो. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅम ठरवतो, आणि कॅमला क्रँकशी बांधून ठेवते ती ही चेन. चेन जुनी झाली की 'ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं लांबत नाही. प्रत्येक कडीची पिन आणि तिचं भोक थोडं थोडं झिजतं, आणि त्या सगळ्या झिजेची बेरीज म्हणजे चेनचा झोल. मोटारसायकलमध्ये हा झोल ओढून धरायला टेन्शनर असतो. या इंजिनात तो नाहीच. झोल आला की कॅम मागे पडतो.

मागे पडला तर काय बिघडतं? इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर येऊ लागला तरी दार उघडंच, त्यामुळे कमी आरपीएमला आत आलेलं मिश्रण थोडं परत बाहेर ढकललं जातं. दाब कमी, म्हणून ओढ कमी. रेसच्या गाडीला हे कदाचित जाणवणार नाही, पण मागे ट्रेलर लावून चढ चढणाऱ्या ट्रकला लगेच जाणवतं. शिवाय डिस्ट्रिब्युटरही कॅमवरूनच फिरतो, म्हणजे ठिणगीची वेळही चुकते. याचा फायदा घेऊन इंजिन न खोलता चेन तपासता येते. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, क्रँक पान्याने थोडा एका दिशेला फिरवा, मग उलट फिरवा आणि आतला रोटर हलेपर्यंत क्रँक किती अंश गेला ते पाहा. आठ-दहा अंश नुसतेच गेले तर चेन संपली समजा.

दुकानात काय मागायचं?

जुन्या काळी अनेक अमेरिकन कंपन्या कॅमच्या ॲल्युमिनियमच्या चाकावर नायलॉनचे दात देत, आवाज कमी यावा म्हणून. वर्षानुवर्षं गरम तेलात राहून नायलॉन ठिसूळ होतं, तुकडे पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात. असं चाक निघालं तर ऑइल पॅन उतरवून जाळी साफ केल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रकसाठी माझी पसंती पूर्ण धातूच्या चाकांचा, दुपदरी रोलर चेनचा संच. चेनऐवजी नुसते गिअर लावायचाही पर्याय मिळतो. त्याचा शिट्टीसारखा आवाज काहींना फार आवडतो, मला रोजच्या गाडीत तो नको.

दोन गोष्टी मात्र विकत घेण्याआधी पाहा. १९८७ नंतरच्या रोलर कॅमच्या इंजिनांत कॅमचं तोंड वेगळं असतं, जुना संच त्याला बसत नाही. आणि दुपदरी चेन जाड असल्यामुळे काही झाकणांना आतून घासते. झाकणाच्या आत थोडी मळलेली माती लावून एकदा बसवून काढलं की कळतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. ब्लॉक मशीन शॉपमध्ये गेला होता का? तिथे मेन बेअरिंगच्या जागेचं लाईन होनिंग केलं असेल तर क्रँक काही 'थाऊ', म्हणजे इंचाचे हजारावे भाग, वर सरकतो. दोन शाफ्टमधलं अंतर तेवढं कमी होतं आणि कोरी चेनही पहिल्याच दिवशी सैल बसते. काकांच्या ब्लॉकचं नेमकं हेच झालं. यासाठी पाच किंवा दहा थाऊ कमी मापाचे संच मिळतात. आम्ही मशीन शॉपला किती धातू काढला ते विचारलं आणि पाच थाऊचा संच मागवला. हा प्रश्न फोनवर दोन मिनिटांत सुटतो. झाकण बंद झाल्यावर सोडवायचा तर पाण्याचा पंप, क्रँकची पुली आणि बॅलन्सर सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

खुणा जुळल्या म्हणजे झालं नाही

क्रँकचं चाक घट्ट बसतं, ते थोडं गरम करून सरकवा. कॅमचं चाक हातोडीने ठोकू नका, कॅम मागे जाऊन ब्लॉकच्या मागची टोपी सुटू शकते. तीन बोल्टच्या मदतीने हळूहळू ओढून घ्या आणि टॉर्क पान्याने साधारण २० फूट-पौंड द्या. संचासोबत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

दोन्ही चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणले की बहुतेक जण झाकण लावतात. मी लावू दिलं नाही. कॅम घडवताना, चाकाची खाच पाडताना, सगळीकडे थोडा थोडा फरक राहतो. क्रँकवर अंशांची चकती लावली, पहिल्या सिलिंडरच्या इनटेक लिफ्टरवर डायल गेज बसवला. सर्वोच्च उचलीच्या ५० थाऊ आधी ६२ अंश आणि ५० थाऊ नंतर १५८ अंश. मध्य निघाला ११०. कॅमच्या कार्डावर होतं १०६. म्हणजे ठिपके अगदी बरोबर आणि कॅम चार अंश उशिरा!

संचातल्या क्रँकच्या चाकाला तीन खाचा होत्या, एक सरळ, एक चार अंश आधी, एक चार अंश नंतर. 'आधी'ची खाच वापरली आणि मापन १०६ वर आलं. इथे एक सापळा आहे. प्रत्येक खाचेची स्वतःची खूण असते. खाच एक आणि खूण दुसरीची घेतली तर चेन एक दात चुकते. क्रँकच्या चाकाला १८ दात असतील तर एक दात म्हणजे २० अंश.

शेवटचं डिस्ट्रिब्युटरबद्दल. ठिपके समोरासमोर असताना पहिला पिस्टन वर असतो खरा, पण ठिणगीची पाळी सहाव्या सिलिंडरची असते. क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा, कॅमचा ठिपका वर जाईल, तेव्हा पहिल्याची पाळी. डिस्ट्रिब्युटर त्या वेळी बसवा, नाहीतर पहिल्या स्टार्टलाच कार्ब्युरेटरमधून भडका उठेल.