साखळीला किती भार पेलतो?

रायगड जिल्ह्यात राजपुरी खाडीच्या दक्षिण काठावर दिघी बंदर आहे. जहाजातून उतरलेला अवजड माल येथून ट्रकने म्हसळ्यामार्गे माणगावकडे जाऊ शकतो. अशा प्रवासात माल दोनदा साखळीवर विसंबतो : क्रेनने उचलताना आणि ट्रकवर बांधल्यावर. दोन्ही साखळ्या दिसायला सारख्याच असल्या, तरी एकीचे काम दुसरीला सांगणे धोक्याचे असते. असे का?

उदाहरणासाठी 10 मि.मी. जाडीच्या पोलादाची साखळी घेऊ. कड्यांवर 8 किंवा 80 हा आकडा उमटवलेला असेल, तर ती 80 प्रतीची. म्हणजे तुटेपर्यंत ती दर चौरस मि.मी.ला 800 न्यूटन ताण सोसते. कडीच्या दोन बाजू मिळून छेदाचे क्षेत्रफळ 157 चौ.मि.मी. होते. गुणाकार केल्यास सुमारे 1,25,600 न्यूटन, म्हणजे जवळजवळ 12.8 टन वजनाइतके बल येते. पण उचलण्यासाठी तिला परवानगी असते ती 3.15 टनांचीच, म्हणजे सुमारे एक चतुर्थांश. उरलेले तीन हिस्से 'शिल्लक' आहेत असे समजणारे लोक कामावर नेहमी भेटतात. ती शिल्लक नव्हे. ढिल्या साखळीवर भार एकदम आला, तरी क्षणभर ताण दुप्पट होतो. झीज आणि हिसके यांची तरतूदही त्यातच असते. हार्डवेअरच्या दुकानातील साधी साखळी बहुधा 30 प्रतीची असते. तेवढ्याच जाडीत तिची ताकद याच्या निम्मीही नसते.

आता 4 टनांचे यंत्र अशा दोन साखळ्यांनी उचलायचे आहे. दोन्ही उभ्या असतील, तर प्रत्येकीवर 2 टन. त्या उभ्या रेषेशी 45 अंशांत फाकल्या, की प्रत्येकीवर 2.83 टन, अजून मर्यादेत. 60 अंशांत मात्र प्रत्येकीवर पूर्ण 4 टन! यंत्र तेच, साखळ्या त्याच, पण मर्यादा ओलांडली. कारण साखळीच्या ताणाचा उभा घटकच वजन पेलतो, आडवा घटक नुसता दोन टोकांना एकमेकांकडे ओढत राहतो. म्हणून 60 अंशांपलीकडे साखळ्या फाकवतच नाहीत. दोन ताणकाटे आणि वर्गातील एखादे वजन घेऊन हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येईल. काटे दूर सरकवताना वाढणारे आकडे त्यांनाच वाचू द्यावेत.

ट्रकवर प्रश्न वेगळा. जोरात ब्रेक लागला, तर माल आपल्या वजनाच्या 0.8 पट बलाने पुढे सरकू पाहतो असे धरतात. आपल्या यंत्रासाठी 3.2 टन. घर्षणांक 0.3 असेल, तर 1.2 टन घर्षण सांभाळते आणि उरलेले 2 टन साखळ्यांनी सोसायचे. हौद्यात तेल सांडले असेल, तर हा हिशेब लगेच बिघडतो. मालाखाली रबराची चटई घालणे हा मला सर्वांत स्वस्त उपाय वाटतो. येथे डोक्यावर टांगलेले काही नसल्यामुळे बांधणीच्या 10 मि.मी. साखळीला 6.3 टन बलापर्यंत ताणू देतात, म्हणजे तुटण्याच्या बलाच्या निम्म्यापर्यंत. अशी ताणलेली साखळी पुन्हा क्रेनला लावू नये, ती याचसाठी.

किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारा वारा. गंजाच्या खड्ड्यातून चीर सुरू होते. मग गंज ॲसिडने का काढू नये? लोखंड आणि आम्ल यांच्या अभिक्रियेत हायड्रोजन निघतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यातला काही हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. अशी कडी न ताणताच, इशारा न देता तुटू शकते. म्हणून साखळी पाण्याने धुवून, वाळवून, तेलाचा हात देऊन टांगून ठेवावी. तुटलेली कडी वेल्डिंगने सांधू नये. उष्णता देऊन पोलादाला आणलेली ताकद त्या आचेने जाते. गाठ मारून साखळी आखूड करणेही वाईट, कारण कड्या ताणल्या जाण्याऐवजी वाकतात.

झीज तपासायची ती दोन कड्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे. व्हर्नियरने काटकोनातील दोन जाड्या मोजून सरासरी काढावी. 8.4 आणि 10 मि.मी. असल्यास सरासरी 9.2, चालेल. 7.8 आणि 10 असल्यास 8.9, मूळ जाडीच्या नऊ दशांशांहून कमी, म्हणून ती साखळी बाद. बाद साखळी नुसती बाजूला ठेवली, तर रात्रपाळीला कोणीतरी ती पुन्हा उचलतो. ती कापूनच भंगारात टाकतात.