जुनी डिस्क हातावेगळी करण्यापूर्वी

हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली, रीसायकल बिन रिकामी केली, तरी फाइलमधला मजकूर जिथल्या तिथेच असतो. संगणक आपल्या यादीतून त्या फाइलची नोंद तेवढी काढतो आणि ती जागा पुढच्या माहितीसाठी मोकळी धरतो. चाळीच्या वहीतून नाव खोडले म्हणून भाडेकरू खोली सोडून जात नाही, तसेच हे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत साधे, फुकट मिळणारे सॉफ्टवेअरही जुना मजकूर वर काढू शकते. ‘क्विक फॉरमॅट’ची गतही वेगळी नाही, त्यात यादी नवी होते, मजकूर राहतो.

हे अज्ञान किती पसरलेले आहे, ते सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या एमआयटीच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. बाकीच्यांतून क्रेडिट कार्डांचे पाच हजारांहून जास्त क्रमांक मिळाले, रुग्णांची माहिती मिळाली, खासगी पत्रव्यवहार मिळाला. एक डिस्क तर एटीएममधून निघालेली होती आणि तिच्यात वर्षभराचे व्यवहार शाबूत होते.

माहिती कायमची घालवण्याचे मार्ग तीन: तिच्यावर दुसरे काही लिहिणे, ती वाचण्याची किल्ली नष्ट करणे, किंवा उपकरणच मोडून टाकणे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची ‘८००-८८’ ही मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. तिचा रोख असा, की आधी माहिती किती नाजूक आहे आणि उपकरण पुढे कोणाच्या हाती जाणार आहे ते पाहावे, आणि मग मार्ग निवडावा. त्यात तिसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा: उपकरणात माहिती साठते कशी? या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले, की कितीही कष्ट घेतले तरी ते वाया जातात.

जुन्या धाटणीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात आणि माहिती त्यांच्यावरील चुंबकीय थरात असते. इथे वर लिहून पुसणे उत्तम चालते. ते किती वेळा करावे, याविषयी मात्र एक समजूत घट्ट बसली आहे. संगणक-सुरक्षेचे संशोधक पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये आपल्या शोधनिबंधात ३५ वेळा लिहिण्याची पद्धत मांडली. ते ३५ नमुने त्या काळच्या निरनिराळ्या प्रकारच्या डिस्क लक्षात घेऊन ठरवलेले होते. कोणत्याही एका डिस्कला ते सगळे लागत नव्हते, आणि आजच्या डिस्कवर ते करत बसण्यात अर्थ नाही, असे पुढे खुद्द गटमन यांनीच लिहिले. तरी ‘३५ वेळा’ हा आकडा अनेक सॉफ्टवेअरमध्ये अजून दिमाखात मिरवतो. निस्टच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अशा डिस्कवर शून्यांची एक फेरी पूर्ण केली, तरी प्रयोगशाळेतल्या अद्ययावत साधनांनाही जुना मजकूर सहसा हाती लागत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढे ‘क्विक’ची खूण काढून केलेले पूर्ण फॉरमॅट नेमके हेच काम करते. मोठ्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात आणि ते देणे भाग आहे. डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले तुकडे मात्र त्यातून सुटतात. त्यांच्यापर्यंत पोचायचे असेल, तर डिस्कमध्येच असलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी.

डिस्क बंद पडली असेल, तर तिच्यावर काही लिहिताच येत नाही. अशा वेळी लोक ती आपटतात, पाण्यात टाकतात, जाळतात. ‘कोलंबिया’ या अंतराळयानाची कथा इथे आठवावी. १ फेब्रुवारी २००३ रोजी ते यान पृथ्वीच्या वातावरणात शिरताना फुटले. त्याच्या अवशेषांत सापडलेली एक हार्ड डिस्क भाजून काळी पडलेली होती. तरीही तज्ज्ञांनी तिच्यातली जवळपास सगळी माहिती बाहेर काढली आणि त्या आधारे एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्धही झाले. तेव्हा घरच्या हातोड्याचे दोन घाव पुरतील, या भरवशावर राहू नये. माहिती तबकडीवर असते, म्हणून तबकडी मोडायला हवी. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटल्यावर किरच्या उडतात, त्यामुळे डोळ्यांना चष्मा हवाच. डिगॉसर नावाचे यंत्र तीव्र चुंबकीय क्षेत्राने माहिती पुसते. त्याबरोबर डिस्कची स्वतःची दिशादर्शक चिन्हेही पुसली जातात आणि ती पुन्हा कामाची राहत नाही.

एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड यांची घडण पूर्ण निराळी. यांत चुंबक नसतो, माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात राहते. त्यामुळे डिगॉसरचा इथे काहीही उपयोग नाही. शिवाय चिपचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो. सगळे कप्पे सारखे झिजावेत म्हणून आतला नियंत्रक नवी माहिती दर वेळी वेगळ्या जागी ठेवतो. वापरणाऱ्याला वाटते आपण जुन्या फाइलवर लिहिले. प्रत्यक्षात जुनी प्रत शेजारी तशीच पडून असते. वर काही कप्पे राखीव असतात आणि ते संगणकाला दिसतच नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील संशोधकांनी २०११ मध्ये हे तपासले. एसएसडीवरची एकच फाइल पुसण्याची कोणतीही रीत त्यांना विश्वासार्ह आढळली नाही. संपूर्ण ड्राइव्ह पुसण्याच्या आज्ञा काही ठिकाणी नीट चालल्या. पण एका ड्राइव्हने ‘काम झाले’ असे कळवले आणि माहिती मात्र जशीच्या तशी होती! म्हणून एसएसडीसाठी निर्मात्याच्याच सॉफ्टवेअरमधून ‘सॅनिटाइझ’ किंवा ‘सिक्युअर इरेज’ चालवावे आणि नंतर ड्राइव्ह वाचून खात्री करावी. पेन ड्राइव्हला आणि साध्या मेमरी कार्डांना अशी भरवशाची सोय सहसा नसते. त्यांची किंमत किरकोळ, आतली माहिती मोलाची. म्हणून ती उपकरणे मोडणेच शहाणपणाचे. मोडताना घाव चिपवर बसला पाहिजे. बाहेरचे आवरण आणि यूएसबीचे टोक तुटून काहीच साधत नाही.

या सगळ्या कटकटीवर सर्वांत चांगला उपाय उपकरण नवे असतानाच करायचा असतो: एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपातच साठवणे. मग शेवटी किल्ली नष्ट केली की उरतो तो अर्थहीन अक्षरांचा ढीग. विंडोजमध्ये बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट हे काम करतात. बिटलॉकर मागाहून सुरू करताना ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊ नये, कारण आधी डिलीट केलेला मजकूर मोकळ्या जागेत उघडाच राहतो. रिकव्हरी कीची प्रत कुठे ठेवली असेल, तर तीही नष्ट करावी. आयफोनमध्ये २००९ च्या थ्रीजीएसपासून एन्क्रिप्शनची सोय आहे, आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनना ती सक्तीची आहे. म्हणूनच अलीकडच्या फोनला फॅक्टरी रीसेट पुरते. त्याआधी गूगल किंवा अॅपलच्या खात्यातून बाहेर पडावे, सिम काढावे आणि मेमरी कार्ड आठवणीने काढून घ्यावे, कारण रीसेटने कार्ड पुसले जाईलच असे नाही.

संस्थांची जबाबदारी याहून मोठी, कारण त्यांच्याकडची माहिती दुसऱ्यांची असते. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने आपल्या डेटा सेंटरमधली जुनी उपकरणे हलवण्याचे काम माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या कंपनीला दिले. ती उपकरणे पुढे विकली गेली आणि ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरील लिलावात पोचली. शाखांमधल्या उपकरणांत एन्क्रिप्शनची सोय होती, पण ती वर्षानुवर्षे कोणी चालूच केली नव्हती. २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने त्यासाठी साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला. न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा संस्थेला तर भाड्याच्या झेरॉक्स मशीन नडल्या. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि झेरॉक्स काढलेल्या कागदांची प्रतिमा तिच्यात राहू शकते. मशीन तशाच परत गेल्या आणि २०१३ मध्ये त्या संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक भरावे लागले.

भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेत पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दवाखाना, पतसंस्था, शाळा किंवा सीएचे कार्यालय असो, जुने संगणक किलोच्या भावाने भंगारात देण्याची सवय आता सोडावी लागेल. कायद्याने जपून ठेवायचे हिशेब आधी दुसरीकडे उतरवावेत, त्यानंतर प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक नोंदवून ती पुसावी किंवा मोडावी. बाहेरच्या कंपनीला काम दिले, तर ते शक्यतो आपल्या आवारात आणि आपल्या माणसासमोर व्हावे, आणि मिळालेल्या प्रमाणपत्रावर ‘५० डिस्क’ असा मोघम आकडा न घेता एकेक अनुक्रमांक मागावा. उरलेले तुकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ई-कचरा प्रक्रिया केंद्राकडे जावेत. ते उघड्यावर जाळले तर विषारी धूर होतो.