पाणी पिऊन बसलेली पोरं

भोर. सकाळचे साडेदहा वाजलेत आणि एसटी स्टँडकडून येणारा रस्ता आत्ताच तापलाय. सोनोग्राफीच्या दाराबाहेरची बाकडी भरलेली. उरलेली माणसं जिन्यावर, चपला बाजूला काढून बसलीत. जवळजवळ प्रत्येक पोराच्या हातात पाण्याची बाटली.

"पी की अजून."

"आई, लागलीय."

"धर जरा. नंबर येतोच आहे."

नंबर येत नाही. मूत्राशय भरलेलं असलं तर पडद्यावर नीट दिसतं, म्हणून ही शिक्षा. एक मुलगी पायावर पाय घट्ट टाकून भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तिच्याशी कुणी बोलत नाही, तेच बरं.

वेल्ह्याकडची माणसं पिशव्यांवरून कळतात. डबा, पाणी, कागद, सगळं बरोबर. विंझर, मार्गासनी, चेलाडी फाटा, कापूरहोळ करत आलीत. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बाकड्यावर सगळे वेल्हंच म्हणतात. कुणाच्या पोराला वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग, कुणाचे डोळे सकाळी सुजतात.

मशीन गावात का नेत नाहीत? उत्तर समोरच्या पाटीवर आहे. एक मुलगा अक्षरं जुळवत ती वाचतोय: "येथे… गर्भ… लिंग…" आई त्याला गप्प करते. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली मशीनची नोंद जागेनिशी होते. ते उठसूट उचलून शिबिराला नेता येत नाही. नियम हवाच. पण मूत्रपिंड मोजायचं असलं तरी पोरालाच इथवर यावं लागतं.

आत अंधार आणि गारवा. मला दाराशी उभं राहू देतात. टेबलावर एक मुलगा, उशाशी त्याची आजी.

"वय काय, आजी?"

"दुसरीला जातोय."

डॉक्टर हसतात, आकडा लिहितात: ७. पोटावर जेल पडतं तसा पोरगा आक्रसतो, मग गुदगुल्या होऊन खिदळतो. पडदा थरथरतो. "हसू नको रे बाळा. कुशीवर हो. श्वास घे… धर."

करड्या धुक्यातून घेवड्याच्या बीसारखा आकार वर येतो. मध्ये पांढरट, कडेला काळसर ठिपके. लहान मुलांत ते जास्त उठून दिसतात. डॉक्टर वरच्या टोकाला एक फुली ठेवतात, खालच्या टोकाला दुसरी. उजवं ७.६ सेंटिमीटर. प्रोब किंचित तिरका धरला, तर हेच मूत्रपिंड आखूड भरतं. म्हणून पुन्हा. पुन्हा ७.६. डावं ७.८. डावं थोडं लांब असतंच. दोघांत सेंटिमीटरहून जास्त फरक दिसला, तर मात्र थांबून पाहायचं.

टेबलाच्या काचेखाली मूत्रपिंडाच्या लांबीचा एक तक्ता आहे, सेंटिमीटरमध्ये. जन्मतः पाचच्या आत-बाहेर, वर्षाच्या बाळाचं सहा-साडेसहा, पाच वर्षांच्या मुलाचं आठच्या आसपास, दहाव्या वर्षी नऊ. वय वर्षाच्या पुढे असेल, तर वयाला ०.२२ नं गुणून ६.७९ मिळवायचे. हे सूत्र १९८४ चं, अमेरिकेतल्या मुलांवरून काढलेलं. त्या हिशेबानं या पोराचं सव्वाआठच्या वर हवं.

"लहान हाय का?" आजीला आकडे कळत नाहीत, पण डॉक्टरांचं थबकणं कळतं.

"उंची घेतलीय का याची?" डॉक्टर सिस्टरना विचारतात. कागदावर वजन आहे, उंचीची जागा कोरी. मूत्रपिंड वयापेक्षा उंचीच्या मापानं वाढतं, आणि उंची घ्यायला मशीन लागत नाही.

पोट पुसून पोराला भिंतीवरच्या पट्टीला टेकवतात. "टाच खाली. चवड्यावर नाही." तो तरीही चवड्यावर. सिस्टर डोक्यावर वही आडवी धरतात: ११० सेंटिमीटर. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाची उंची. डॉक्टर पुन्हा तक्त्याकडे बघतात.

"आजी, मूत्रपिंडं त्याच्या अंगाला बरोबर आहेत. पोरगंच बारकं आहे. खातो काय हा?"

"भात," आजी म्हणते. "नुसता भात."

डॉक्टर कागदावर आणखी दोन ओळी लिहितात, बालरोगतज्ज्ञांसाठी. पोराला त्याचं काही नाही. तो चड्डी सावरत विचारतो, "आता जाऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता जिन्यावरच्या माणसांतून वाट काढत धूम ठोकतो.

"पुढचा नंबर कोण?" सिस्टर विचारतात. भिंतीकडे तोंड केलेली मुलगी गर्रकन वळते.