बाळ कुणाकडे बघतं

सकाळी साडेसहा
स्वारगेटहून भोरची एसटी. आषाढ आहे, लावणी ऐन भरात. ओपीडीला आज गर्दी कमी असणार आणि घरभेटीला गेलं की घरी म्हातारी माणसं नि बाळंतिणीच सापडणार. मी मानसिक आरोग्याच्या पथकात सामाजिक कार्यकर्ती आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्या आया आणि त्यांची तान्ही लेकरं, ही माझ्या वहीतली सगळ्यात काळजीची पानं.

साडेनऊ
भोरचा सरकारी दवाखाना. हिरडोशी खोऱ्यातून आशाताई एका बाळंतिणीला घेऊन आल्यात. बाळ 12 दिवसांचं. बाई तीन रात्री झोपलेली नाही, एकसारखी बोलतेय, मध्येच दचकते. "हे माझं नव्हं, बदललंय," म्हणत बाळाकडे पाठ फिरवते. सासू सांगते, "बाहेरचं झालंय म्हणून देवर्षीकडं नेली व्हती. अंगारा लावला, फरक न्हाय."

बाळंतपणानंतर असा तीव्र आजार हजारात एखाद-दुसऱ्या बाईला होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच. ही तातडीची वेळ असते, पण वेळेवर औषध मिळालं तर बाई पूर्ण बरी होऊ शकते. इथं आशाताईंनी वेळ गाठली. नवजात बाळासाठी आशांना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं; गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभ्या केलेल्या कामातून ही पद्धत देशभर गेली. सातव्या दिवशी बाळाचं वजन करताना ह्यांनी आईच्या झोपेचीही चौकशी केली. "बाळ झोपल्यावर तरी तुला झोप लागते का?" एवढा एक प्रश्न प्रत्येक भेटीत विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं.

अकरा
डॉक्टरांनी पुण्याला भरती करायचं ठरवलं. सासू लगेच म्हणाली, "मग लेकरू ऱ्हाऊ द्या घरी. वरच्या दुधावर वाढवू." भीती खोटी नाही, आई भ्रमात असताना बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवायचं नसतंच. पण बाळाला आईपासून तोडणं हा त्यावरचा पहिला उपाय होऊ नये. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे स्पष्ट आहे: तीन वर्षांखालचं मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करायचं नाही. धोका असेल तर तात्पुरतं करायचं, तेव्हाही देखरेखीखाली भेट होऊ द्यायची आणि दर पंधरा दिवसांनी निर्णय तपासायचा. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये 2009 पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग चालतो. तशा खाटा आपल्या प्रत्येक प्रादेशिक मनोरुग्णालयाला लागतात. आज आजी सोबत जातेय, बाळही जातंय. रुग्णवाहिका निघेपर्यंत मी त्या आजीला एकच सांगत राहिले: बाळ तुमच्या मांडीवर, पण तिच्या नजरेसमोर.

एक
कापूरहोळ, चेलाडी, मार्गासनी. गाडीतच डबा.

अडीच
तोरण्याच्या पायथ्याजवळची वाडी. इथली आई स्किझोफ्रेनियाची रुग्ण. गरोदरपणात भीतीपोटी गोळ्या बंद केल्या, आजार उलटला. आता चार महिने औषध नीट चालू आहे. मुलगी सात महिन्यांची.

आल्या आल्या मी आईशी बोलत नाही, बाळाकडे बघत बसते. बाळ कुणाकडे बघतं? दुखलं-खुपलं की कुणाकडे वळतं? ही मुलगी आजीकडे वळते. आईकडे बघते, पण पटकन नजर काढून घेते. आजी कौतुकानं सांगते, "लई गुणाचं पोर, रडतच न्हाय." ते ऐकून मी सावध होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की आईनं काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवला, तरी बाळ आधी हसून, हुंकार देऊन तिला बोलवतं आणि प्रतिसाद मिळेना की मान फिरवतं. ह्या आईचा चेहरा आजारानं आणि थोडाफार औषधानंही थिजलेला आहे. तिच्या पोटात माया नाही असा अर्थ लोक काढतात. तो अर्थ चुकीचा आहे आणि क्रूरही.

मुलगी आजीला बिलगते हे मला वाईट वाटत नाही, उलट हायसं वाटतं. बाळाची ओढ एकाच माणसावर जडते असं नाही. जो वेळेला धावतो, त्याच्यावर जडते. आजीचा भरवसा आहे म्हणून आईला सावकाश बरं व्हायला उसंत मिळते. फक्त आजीनं सगळंच आपल्याकडे घेऊ नये. रात्रीच्या गोळीनं आईला गाढ झोप लागते, तेव्हा बाळ आजीजवळच झोपायला हवं. सकाळी अकराला मात्र आई सगळ्यात ताजीतवानी असते. म्हणून तेल लावून अंघोळ घालायचं काम आता आईचं. आजी शेजारी बसून फक्त पाणी ओतणार.

आज आईनं करून दाखवलं. मुलीनं "ब्बा" केलं. मी हळूच म्हटलं, "ती बोलावतेय तुला. तूही म्हण." बराच वेळ गेला. मग आईनं "ब्बा" म्हटलं आणि मुलीनं पाय झाडले. पुन्हा तेच, चार-पाच वेळा. माझ्या कामाचा गाभा एवढाच आहे.

साडेपाच
परतीच्या वाटेवर नोंदी. मुलीचं वजन लिहिलं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा अभ्यास केला होता. नैराश्य असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा ती वजनानं नि उंचीनं मागे पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. मुलगी झालेल्या घरांत आईच्या नैराश्याचा धोका वाढतो, हेही त्यातच पुढे आलं. म्हणून आमच्या नोंदीत आईच्या गोळ्यांखाली बाळाचं वजन असतं.

रात्री आठ
वाडीतल्या मुलीच्या वडिलांचा फोन. ते शिरवळला कंपनीत शिफ्टवर. "ताई, पोरीला सहा महिने पुण्याला बहिणीकडं ठेवू का? हिलाबी आराम."

हा प्रश्न प्रेमानंच विचारलाय. पण सातव्या-आठव्या महिन्यात बाळ ओळखीच्या माणसाला घट्ट धरू लागतं, परक्याला बिचकतं. नेमक्या त्याच वेळी आजी आणि आई दोघीही हातातून सुटल्या तर काय होईल, ते मी त्यांना समजावलं. बहिणीनंच दहा-पंधरा दिवस वाडीवर राहायला यावं, लावणीत आजीचा भार हलका होईल, असं सुचवलं. शिवाय ते स्वतः घरी असतील त्या रात्री बाळ त्यांनी घ्यायचं. ते थोडं थांबले, मग म्हणाले, "माझ्याकडं राहील का ती?"

सुट्टीच्या दिवशी अंघोळीच्या वेळी घरीच थांबा, असं सांगितलंय. मीही येतेय.