कूलरमध्ये पाणी ओतण्याआधी...

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं घरातली जुनी माणसं सांगतात. आपल्या शहरात त्याची चाहूल फेब्रुवारीतच लागते. पहाटे अजून गोधडी हवीशी वाटते, पण दुपारी बाराला गच्चीवर उभं राहवत नाही. मग होळीच्या आसपास एखाद्या दुपारी घरात कोणीतरी म्हणतं, "यंदा लवकरच तापायला लागलं, कूलर काढा." गॅलरीत किंवा माळ्यावर गोणपाट पांघरून बसलेला कूलर खाली येतो, वरची धूळ फडक्याने पुसली जाते, दोन बादल्या पाणी ओतलं जातं आणि बटण दाबलं जातं.

इथेच पहिली चूक होते. त्या कूलरच्या टाकीच्या आतल्या बाजूला, मागच्या वर्षी पाणी जिथपर्यंत होतं त्या रेषेच्या जरा वर, काळसर ठिपके चिकटलेले असू शकतात. ती डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या काठाशी ओलसर पृष्ठभागावर चिकटवतो. पाणी आटलं तरी त्यातली काही अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. पाणी पुन्हा त्या रेषेपर्यंत चढलं की ती उबतात. उन्हाळ्याच्या उबदार हवेत अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे मार्चमध्ये आपल्याला चावणाऱ्या डासाची अंडी मागच्या वर्षीच आपल्या घरात ठेवली गेलेली असू शकतात.

म्हणून कूलर नुसता धुऊन भागत नाही. टाकीच्या आतल्या भिंती खरखरीत ब्रशने किंवा काथ्याने घासायला हव्यात, कारण ही अंडी पाण्याच्या धारेने निघत नाहीत. घासलेलं पाणी नालीत न सोडता कोरड्या जमिनीवर ओतावं. जुन्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्या कुजल्या असतील, त्यांना बुरशीचा वास येत असेल, तर त्या बदलाव्यात. दम्याच्या रुग्णाला त्या हवेचा त्रास होतो.

घरोघरी धरण

कूलर वर्षातून एकदा निघतो. पाण्याची टाकी मात्र रोजची. आणि या शहरात टाकीचा प्रश्न इतर शहरांपेक्षा वेगळा आहे.

आपलं पाणी येतं पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणहून, नाथसागरातून. जायकवाडीसारखं मोठं धरण जवळ असूनही नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांच्या अंतराने येतं आणि ते अंतर उन्हाळ्यात वाढतं. सातारा, देवळाईसारख्या भागांत कित्येक घरांचा भरवसा टँकरवर असतो. त्यामुळे प्रत्येक घर हे एक छोटं धरण झालं आहे. जमिनीखाली हौद, गच्चीवर काळी टाकी, मोरीत टिपाड, स्वयंपाकघरात पिंप आणि माठ.

गंमत अशी, की चारशे वर्षांपूर्वी या शहराचं पाणी साठून राहत नव्हतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या नहर-ए-अंबरीतून डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या झाकलेल्या मार्गाने शहरात वाहत येई. अशाच एका नहरीच्या पाण्यावर पुढे पाणचक्की फिरली. झाकलेलं आणि वाहतं, या दोन गुणांमुळे पाणी टिकतं. आपल्या टाकीतलं पाणी वाहत नाही. निदान ते झाकलेलं असायला हवं.

साठवलेल्या पाण्याचं आठवडाभरात काय होतं? जलशुद्धीकरण केंद्रातून निघताना पाण्यात क्लोरीन असतो. नळाशी पोहोचताना लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असा संकेत आहे. टाकीत हा क्लोरीन हळूहळू संपतो. तळाला गाळ असेल तर आणखी लवकर, कारण तो गाळातल्या सेंद्रिय कचऱ्यावरच खर्ची पडतो. म्हणजे पहिल्या दिवशी निर्धोक असलेलं पाणी सहाव्या दिवशी तसंच असेल असं नाही. पिण्याचं पाणी म्हणूनच वेगळं, तोटी असलेल्या भांड्यात ठेवावं आणि उकळून किंवा मेडिक्लोर वापरून प्यावं. मेडिक्लोरचं प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. ते टाकल्यावर अर्धा तास थांबायचं, हे मात्र अनेकजण विसरतात.

'कोरडा दिवस' पाळायचा कसा?

डेंगी टाळायचा तर आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, सगळी भांडी रिकामी करा, असं आरोग्य खातं सांगतं. सल्ला शास्त्राला धरून आहे. सात दिवसांत भांडं रिकामं झालं तर अळीचा डास होण्याआधीच साखळी तुटते. पण ज्या घरात पाणीच आठवड्याने येतं, तिथली बाई विचारणार, "भरलेलं टिपाड ओतून देऊ का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे.

पाणी ओतायचं नाही, भांड्यांचा क्रम लावायचा. एका वेळी एकच टिपाड उघडून ते संपवायचं, मगच दुसरं उघडायचं. बाकीची घट्ट झाकणाने, नाही तर जुन्या सुती साडीचा दुहेरी पदर दोरीने आवळून बंद ठेवायची. वर नुसती फळी किंवा पत्रा ठेवला तर फटीतून डास सहज जातो. पाणी येण्याच्या दिवशी सकाळी, नळ सुटण्याआधी, रिकामं झालेलं प्रत्येक भांडं आतून घासून घ्यायचं. ते काम दोन मिनिटांचं असतं आणि त्यासाठी वेगळं पाणी लागत नाही, तळाशी उरलेलं पुरतं. हाच आपला कोरडा दिवस.

वापराच्या मोठ्या उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात, ते अळ्या खातात. गच्चीवरच्या टाकीची ओव्हरफ्लोची नळी आणि हवेची नळी यांच्या तोंडाला बारीक जाळी बांधायला हवी. झाकण घट्ट असलं तरी डास तिथून शिरतो. हा डास स्वच्छ पाणी पसंत करतो, दिवसा चावतो आणि सहसा जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाही. त्यामुळे गल्लीत एकाला डेंगी झाला तर दोष नाल्याला देण्याआधी आजूबाजूच्या दहा घरांच्या टाक्या पाहाव्यात. त्यात आपलीही.

टाकी धुताना

वर्षातून किमान दोनदा टाकी धुवावी. त्यातली एक वेळ हीच, उन्हाळ्याच्या तोंडावर. मेमध्ये टाकी रिकामी करायला कोणाचा जीव होत नाही. आता पाणी येण्याच्या आदल्या दिवशी टाकी आपोआप तळाला गेलेली असते. तेव्हा गाळ काढावा, भिंती घासाव्यात. मग दहा लिटर पाण्यात दोन मोठे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून, निवळी घेऊन ती ब्रशने भिंतींना लावावी. अर्ध्या तासाने थोड्या पाण्याने खळबळून घ्यावं. पावडर ताजी असावी. पुडी उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि मागे नुसता चुना राहतो. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जमिनीखालच्या हौदाबाबत जास्त सावध राहायला हवं. बरेच दिवस बंद असलेल्या हौदात प्राणवायू कमी झालेला असू शकतो. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. झाकण काही तास उघडं ठेवावं, शक्य असेल तर पंख्याने आत हवा सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि वर दुसरा माणूस उभा असावा. डिझेलचा पंप आत उतरवू नये. दिवा सोडून हवा तपासण्याची जुनी युक्ती पुरेशी नाही, काही विषारी वायू दिवा विझवत नाहीत. हौद खोल असेल किंवा आतून वास येत असेल तर हे काम जाणत्या माणसाकडे सोपवावं.

नळाला मोटार, घरात कावीळ

आता एक कटू गोष्ट. दाब कमी म्हणून थेट नळाला मोटार लावणं आपल्याकडे सर्रास चालतं. पाणी सुटलेलं असताना जलवाहिनीत दाब असतो, त्यामुळे फुटक्या जागेतून पाणी बाहेर गळतं. पाणी बंद झालं, किंवा मोटारीने ते ओढलं, की आत पोकळी तयार होते आणि त्याच फुटक्या जागेतून बाहेरचं पाणी आत येतं. शेजारून सांडपाण्याची वाहिनी गेली असेल तर काय आत येतं, ते सांगायला नको. 2017च्या नोव्हेंबरमध्ये छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली, शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला, तेव्हा संशय नळाच्या पाण्यात मिसळलेल्या सांडपाण्यावरच होता. कावीळही याच वाटेने येते. तिच्यातला 'ई' प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून नळ सुटल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, ते झाडांना किंवा फरशीला वापरावं. आपल्या घराला येणारा नळ नालीतून किंवा चेंबरजवळून गेला असेल आणि गंजला असेल, तर तो बदलण्याचा खर्च या महिन्यात करावा. तो एका आजारपणापेक्षा कमीच येतो.

स्लॅबचं काम मेवर ढकलू नका

गेल्या पावसाळ्यात छत गळालं होतं, भिंतीला ओल आली होती. ते डाग आता वाळले आहेत, त्यामुळे विसरले गेले आहेत. बहुतेक घरांत दुरुस्तीची आठवण मेच्या शेवटी, पहिला ढग दिसला की येते. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं. त्यासाठी ते किमान सात दिवस ओलं राहावं लागतं. मेमध्ये चाळीस अंशांच्या उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात गिलाव्यातलं पाणी क्रिया पुरी होण्याआधीच उडतं, वर मारायला पाणी नसतं आणि नव्या थरालाच भेगा पडतात. फेब्रुवारीत ऊन सौम्य असतं, गवंडी मिळतो आणि पाणीही तुलनेने बरं असतं.

भेगा बुजवून झाल्या की गच्चीला पांढरा चुना मारावा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. म्हणून वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही पंख्याची हवा गरम लागते. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराचसा भाग परत फेकतो. त्यामुळे खोलीचं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. अहमदाबादने 2010च्या मेमध्ये 46.8 अंशांचा तडाखा सोसला, 2013 मध्ये उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा आणला आणि पुढे वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याचं काम हाती घेतलं. पत्र्याच्या घरांना याचा फायदा अधिक होतो. रात्री शरीर निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन झेपत नाही, म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना तर नाहीच. चुना कालवताना डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेत. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे जावं.

कूलरचा शॉक

पुन्हा कूलरकडे येऊ. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून इथे कूलर चांगला चालतो. पण खिडकी उघडी हवी. बंद खोलीत हवा दमट होते आणि मग पाण्याची वाफ होणंच थांबत जातं.

पत्र्याचा कूलर, पाणी, ओली फरशी आणि जुनी वायर हे मिळून मात्र जीव घेऊ शकतं. ओल्या त्वचेतून वीज सहज शिरते. पंपाची वायर उंदराने कुरतडली आहे का, प्लग तीन पिनांचा आहे का, घराचं अर्थिंग चालू आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं. मीटरजवळ 30 मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला तर गळती होताच तो वीज तोडतो. पाणी भरताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढावा. मुलांना हे काम सांगू नये.

अडगळीतला विंचू

शेवटचं काम अंगणातलं. ऊन वाढलं की विटांच्या ढिगातून, सरपणातून, जुन्या पत्र्यांखालून विंचू बाहेर पडू लागतात. अडगळ आताच हलवावी, पण हात घालण्याआधी काठीने. विंचू चावल्यावर खूप घाम, उलटी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध विंचूदंशावर जीव वाचवतं, हे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करून जगाला दाखवलं. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्याचे.

होळीआधीची यादी

• कूलरची टाकी घासणे, ताट्या बदलणे, वायर व अर्थिंग तपासणे
• हौद व गच्चीवरची टाकी धुणे, नळ्यांना जाळी बांधणे
• टिपाडांना घट्ट झाकणे, एका वेळी एकच उघडणे
• नालीतून गेलेला गंजका नळ बदलणे
• गच्चीच्या भेगा बुजवून सात दिवस पाणी मारणे, मग चुना
• अडगळ काढणे, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणे

यातलं कुठलंच काम एका रविवारापेक्षा मोठं नाही. पापड-कुरडयांची तयारी आपण विसरत नाही, त्याच यादीत ही सहा कामं लिहून ठेवावीत. आणि सुरुवात कूलरपासूनच करावी, पाणी ओतण्याआधी.