ख्रिस्ती शाळेचा कारभार: मंडळ, मुख्याध्यापक आणि विश्वास

ख्रिस्ती शाळेच्या कारभारात तीन सत्ता एकत्र येतात: चर्च, नोंदणीकृत विश्वस्त संस्था आणि राज्याचे शिक्षण खाते. शाळा चर्चच्या सेवाकार्याचा भाग म्हणून उघडलेली असते. जमीन, इमारत आणि बँकखाते संस्थेच्या नावावर असते, तर मान्यता, पदे आणि अनुदान शिक्षण खात्याकडून येते. मुख्याध्यापकाची नेमणूक, नवी तुकडी, इमारतीची दुरुस्ती किंवा शुल्कवाढ यांपैकी कोणताही निर्णय चर्चच्या शिस्तीत, विश्वस्त कायद्यात आणि शालेय नियमांत असा तिन्हीकडे बसावा लागतो. तो तसा बसवणे हे व्यवस्थापन मंडळाचे काम, आणि बसवलेला निर्णय वर्गापर्यंत नेणे हे मुख्याध्यापकाचे.

पश्चिम भारतात या व्यवस्थेची सुरुवात दूरच्या समित्यांपासून झाली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले. त्यांच्या शाळांचा खर्च आणि धोरण बोस्टनमधील मंडळ ठरवत असे. 1854-55 मध्ये त्या मंडळाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी भारतात आले. मिशनचा पैसा इंग्रजी शिक्षणाऐवजी देशी भाषांतील गावशाळांवर आणि स्थानिक मंडळ्या उभ्या करण्यावर खर्च व्हावा, असे त्यांचे मत होते. या भेटीनंतर मराठी मिशनच्या इंग्रजी शाळांना कात्री लागली. शाळेत रोज उभ्या राहणाऱ्या माणसांचे म्हणणे आणि पैसा पाठवणाऱ्या मंडळाचे म्हणणे यांतला ताण तेव्हापासून या कारभाराचा भाग आहे.

त्याच काळात, 1854 च्या वुडच्या खलित्याने सहायक अनुदानाची पद्धत आणली. अनुदान हवे असेल तर शाळेला पुरेसे स्थानिक व्यवस्थापन असावे आणि सरकारी तपासणी मान्य असावी, अशा अटी त्यात होत्या. त्यामुळे शाळेच्या वतीने सही करणारे, हिशेब देणारे आणि शाळा चालू राहील याची हमी घेणारे स्थानिक मंडळ आवश्यक झाले. पुढे परदेशी मिशनांनी आपल्या संस्था भारतीय चर्चकडे सोपवल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, आणि या प्रक्रियेला मोठा वेग आला.

आज अशा शाळांचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार कॅथलिक धर्मप्रांताच्या शाळांचा. यांतल्या अनेक शाळा पॅरिशला जोडलेल्या असतात. तेथे धर्मगुरू बहुधा शाळेचे मॅनेजर असतात आणि त्यांच्या वर धर्मप्रांताचे शिक्षण मंडळ असते. दुसरा प्रकार जेज्विट, सेल्शियन किंवा सिस्टरांच्या विविध संघांच्या शाळांचा. तेथे प्रोव्हिन्शियल, म्हणजे संघाचे प्रांतप्रमुख, आणि त्यांचे सल्लागार मंडळ निर्णय घेतात. मात्र 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार आपल्या धर्मप्रांतातील अशा शाळांवरही देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा अधिकार बिशपांना आहे. तिसरा प्रकार प्रॉटेस्टंट चर्चच्या शाळांचा. तेथे डायोसेसन कौन्सिल किंवा स्वतंत्र शिक्षण संस्था असते. तिचे सदस्य बहुधा निवडणुकीने येतात, त्यामुळे मंडळीतले गट शाळेच्या मंडळातही उतरतात.

या साऱ्याला घटनात्मक आधार आहे तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 30(1) चा. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क हा अनुच्छेद देतो. 1958 मध्ये केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची दुसरी बाजूही सांगितली: संस्था चालवण्याच्या हक्कात ती वाईट चालवण्याचा हक्क येत नाही. 1974 मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे प्रश्न थेट नियामक मंडळाचा होता. गुजरात विद्यापीठाच्या कायद्याने महाविद्यालयाच्या मंडळावर विद्यापीठाचे आणि इतर घटकांचे प्रतिनिधी घेणे बंधनकारक केले होते. ती कलमे अल्पसंख्याक संस्थांना लागू करता येणार नाहीत, असा निर्णय झाला. मंडळ कोणाचे असावे हे ठरवणे हा संस्था चालवण्याच्या हक्काचा गाभा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

एवढे संरक्षण मिळाले की जबाबदारीही तेवढीच वाढते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात बहुसंख्य पालक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. 2012 च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांत ही समिती केवळ सल्लागार ठरली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या प्रमती निकालाने हा कायदाच अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असे ठरले. बाहेरून येणारी एक नजर अशा रीतीने कमी झाली. ती उणीव मंडळाने स्वतःच्या शिस्तीने भरून काढायची असते. पालकांचे म्हणणे ऐकण्याची सक्ती नसताना ते ऐकणे, हिशेब मागणारा कोणी नसताना तो मांडणे, हीच चांगल्या मंडळाची ओळख.

शाळेच्या पातळीवर हे काम शाळा समितीच्या बैठकीत दिसते. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार या समितीत व्यवस्थापनाचे प्रतिनिधी, सेवाज्येष्ठतेच्या क्रमाने पाळीपाळीने येणारा कायम शिक्षक आणि पदसिद्ध सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. बैठकीची सूचना विषयपत्रिकेसह आधी जाते. प्रार्थनेने सुरुवात होते, मागील इतिवृत्त वाचून कायम केले जाते आणि त्यातल्या ठरावांचे पुढे काय झाले ते विचारले जाते. मग संचमान्यता (खात्याने मंजूर केलेली पदसंख्या), रिक्त पदे, रजा, वेतनेतर खर्च, निकाल आणि दुरुस्त्या असे विषय येतात. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतो आणि तो कार्यवृत्ताच्या वहीत उतरतो.

या वहीचे मोल वाद उभा राहिला की कळते. शिक्षण उपसंचालक, शाळा न्यायाधिकरण किंवा धर्मादाय आयुक्त यांच्यापुढे मंडळाची बाजू त्या पानांवरूनच ठरते. बैठक न घेता फिरवलेला ठराव, नंतर भरलेली पाने, कोऱ्या जागेवर घेतलेल्या सह्या यांनी चांगल्या हेतूने घेतलेला निर्णयही कोसळतो. ख्रिस्ती शाळांत हा धोका अधिक असतो, कारण येथे अधिकार अनेकदा आदरातून चालतो. फादरांनी सांगितले म्हणजे झाले, अशी सवय सदस्यांना असते. आदर राखूनही प्रश्न विचारता येतो आणि धर्मगुरूंच्या मताविरुद्धचे मतही वहीत नोंदवता येते, हे सदस्यांना शिकवावे लागते.

मंडळाच्या सगळ्या कामांत मुख्याध्यापकाची निवड सर्वांत वजनदार. इतर खासगी शाळांत पदोन्नतीने ही जागा भरताना सेवाज्येष्ठता निर्णायक ठरते. महाराष्ट्राच्या 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती कायद्याने अल्पसंख्याक शाळांना येथे मोकळीक दिली आहे. शाळाप्रमुख आणि व्यवस्थापनाने संचालकांना नावे कळवलेल्या आणखी तीनपर्यंत व्यक्तींच्या भरतीला हा कायदा लागू होत नाही. 1998 मध्ये केरळमधील एका मुस्लिम शाळेच्या आणि 2006 मध्ये मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले: आवश्यक पात्रता असलेला प्रमुख निवडण्याचा हक्क अल्पसंख्याक व्यवस्थापनाचा आहे. शाळेचे वळण प्रमुखावर अवलंबून असते, हे त्यामागचे कारण.

हा हक्क वापरताना मंडळाची कसोटी लागते. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या ज्येष्ठ शिक्षिकेला डावलून बाहेरून आलेल्या तरुण सिस्टरांना खुर्ची दिली, तर निर्णय कायद्यात बसतो, पण शिक्षककक्षातली शांतता जाते. ज्येष्ठतेऐवजी कोणते गुण पाहिले, याची कारणे मंडळाने लेखी ठेवली आणि डावललेल्या व्यक्तीशी समोरासमोर बोलले, तर जखम लवकर भरते. धर्मसंघांच्या शाळांत आणखी एक अडचण असते. सिस्टर किंवा फादर काही वर्षांनी बदलून जातात, त्यामुळे सुरू केलेले काम अर्धवट राहते. काही संघांत नव्या प्रमुखाला आधी एक वर्ष उपमुख्याध्यापक म्हणून ठेवले जाते. त्यामुळे पालक, संचमान्यता, कार्यालयातले कारकून आणि शिपाई यांची ओळख खुर्चीत बसण्याआधीच झालेली असते. धर्मसंघांत नव्याने येणाऱ्यांची संख्या घटत चालली, तसे प्रापंचिक ख्रिस्ती शिक्षकही शाळाप्रमुख होऊ लागले. त्यांना नाममात्र नेमून खरा अधिकार मॅनेजरांनी स्वतःकडे ठेवला, तर शाळेला दोन प्रमुख होतात आणि शिक्षक दोघांमधल्या फटीचा उपयोग करतात.

म्हणून मंडळ आणि मुख्याध्यापक यांच्या कामाची सीमा आखणे हा सुशासनाचा पाया. मंडळाने ध्येय ठरवावे, अंदाजपत्रक मंजूर करावे, प्रमुख नेमावा आणि त्याच्या कामाचे मूल्यमापन करावे. वेळापत्रक, वर्गशिक्षकांच्या नेमणुका, शिस्त आणि रोजचे प्रवेश हे मुख्याध्यापकाचे क्षेत्र. प्रवेशाच्या दिवसांत ही सीमा सर्वांत जास्त ताणली जाते. पॅरिशमधला सदस्य ओळखीच्या मुलासाठी चिठ्ठी देतो, संस्थेचा पदाधिकारी फोन करतो. प्रवेशाचे निकष मंडळाने आधीच ठरावाने निश्चित केले असतील, तर मुख्याध्यापकाला त्या ठरावाकडे बोट दाखवता येते. निकष नसतील, तर प्रत्येक नकार वैयक्तिक वैराचा ठरतो.

काही निर्णय मात्र मंडळाचेच असतात आणि त्यांचे परिणाम पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. गोव्यात 1990 मध्ये प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमापुरते राहिले, तेव्हा धर्मप्रांताच्या डायोसेसन सोसायटी ऑफ एज्युकेशनने आपल्या प्राथमिक शाळांचे माध्यम कोंकणी केले. 2011 मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि या शाळा इंग्रजीकडे वळल्या. त्यावरून गोव्यात मोठे भाषिक आंदोलन उभे राहिले. मुलांच्या भाषेचा असा निर्णय केवळ अनुदानाच्या तक्त्यावरून घेता येत नाही. पालकांची इच्छा, समाजाची भाषा आणि चर्चचे ध्येय या तिन्हींचा विचार मंडळाला करावा लागतो.

पैसा आणि जमीन यांच्या बाबतीत धर्मादाय कायद्याची चौकट कडक आहे. 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण करावे लागते आणि स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मिशनांच्या काळातल्या जागा आज शहरांच्या मध्यभागी आहेत आणि त्यांच्यावर बांधकाम व्यावसायिकांची नजर असते. चर्चचे विलीनीकरण झाले म्हणून मालमत्ता आपोआप नव्या संस्थेकडे जात नाही. गुजरातमधील ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेबाबत 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: केवळ ठराव पुरेसा नाही, विश्वस्त कायद्याची प्रक्रिया पूर्ण झाली पाहिजे. जुने बदल अर्ज प्रलंबित ठेवणाऱ्या संस्थांत आज अधिकृत विश्वस्त कोण, याचेच उत्तर सापडत नाही. शाळेला त्याची किंमत रखडलेल्या सह्यांच्या रूपात मोजावी लागते.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीत अल्पसंख्याक हक्क ही ढाल नव्हे. 1986 मध्ये दिल्लीच्या फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचाऱ्यांनी वेतन आणि सेवाशर्तींतल्या समानतेसाठी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. शिक्षकांना रास्त वेतन दिल्याने संस्थेचा हक्क कमी होत नाही, उलट शिक्षणाचा दर्जा वाढतो, ही त्यामागची भूमिका. महाराष्ट्राच्या नियमावलीत शिस्तभंगाच्या चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती असते: एक व्यवस्थापनाचा, एक कर्मचाऱ्याने सुचवलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आरोपपत्र, खुलासा आणि साक्षी या पायऱ्या टाळून काढलेला शिक्षक शाळा न्यायाधिकरणातून थकीत पगारासह परत येऊ शकतो. ख्रिस्ती संस्थेला तर या पायऱ्या पाळण्याचे कायद्यापलीकडचे कारण आहे. आरोप असलेल्या माणसालाही न्याय मिळावा, ही शिकवण ती रोज मुलांना देते.

मुलांची सुरक्षितता हा विषय प्रत्येक बैठकीच्या पत्रिकेवर असायला हवा. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. चर्चच्या संस्थांनी जगभर या बाबतीत मोठे अपयश पाहिले आहे. संस्थेचे नाव जपण्यासाठी प्रकरण आतल्या आत मिटवण्याची वृत्ती त्यामागे होती. तक्रार कोणाकडे करायची, ती कोण नोंदवणार आणि आरोपी मंडळाशी संबंधित असेल तर निर्णय कोण घेणार, हे मंडळाने आधीच लिहून ठेवले पाहिजे.

शेवटचा प्रश्न ओळखीचा. यांतील अनेक शाळांत बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत. अनुच्छेद 28(3) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात सहभागी करता येत नाही. त्यामुळे कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना मूल्यशिक्षण अशी रचना रूढ झाली. पण शाळेची ख्रिस्ती ओळख तासिकेपेक्षा मंडळाच्या निर्णयांत दिसते: शुल्क भरू न शकणाऱ्या मुलाचे काय केले, अभ्यासात मागे पडलेल्याला काढले की सांभाळले, सफाई कामगाराला काय पगार दिला. अंदाजपत्रकातील सवलतीची रक्कम हा या ओळखीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा असतो.

या सर्वासाठी माणसे तयार करावी लागतात. मंडळावर धर्मगुरूंच्या जोडीला लेखापाल, वकील, निवृत्त मुख्याध्यापिका आणि पालक असावेत. सदस्यत्वाची मुदत ठरलेली असावी आणि नव्या सदस्यांना पहिल्याच वर्षी कायदा, हिशेब आणि संस्थेचा इतिहास समजावून द्यावा. राज्यघटनेने या शाळांना दिलेले स्वातंत्र्य मोठे आहे. ते टिकवायचे असेल तर प्रत्येक ठरावाची कारणे पालक, शिक्षक आणि मुले यांच्यासमोर उघडपणे सांगता आली पाहिजेत.